३० नोव्हेंबरलाच कॅट आणि ३० नोव्हेंबरलाच घरात लग्न. फॉर्म भरू की नको?

चोपड्याची_करवली
१७ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. मूळ गाव चोपडा, सध्या जळगावला एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे. बी. कॉम. होऊन दोन वर्षं झाली. टॅली आणि जीएसटीच्या पलीकडे काहीतरी करायचं म्हणून यंदा एमबीएच्या प्रवेश परीक्षा द्यायचं मनावर घेतलंय. क्लास नाही, रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर लेक्चर बघते आणि पुस्तकातून गणितं सोडवते.

अडचण अशी की त्यातली कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा, आहे ३० नोव्हेंबरला, रविवारी. आणि कानबाईच्या सणाला सगळे गावी जमले होते तेव्हा काकांनी माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाची तारीख काढली, तीही ३० नोव्हेंबर! मुहूर्त दुपारी बारा-साडेबाराचा. मंगल कार्यालय चोपड्यालाच, बुकिंग झालं, आचारी ठरला. आता तारीख हलत नाही. मी करवली. काकूंनी साडीसुद्धा बघून ठेवली आहे. कॅटचं मी अजून घरात कोणाला सांगितलेलं नाही, फक्त बाबांना माहीत आहे.

माझे प्रश्न:

कॅटचा स्लॉट आपल्याला निवडता येतो का? सकाळचा मिळाला तर जळगावहून दीड तासात चोपडा गाठता येईल असं माझं गणित आहे.

ते जमत नसेल तर स्वतः तारीख निवडता येते अशी दुसरी परीक्षा कोणती? की सरळ राज्याची एमबीएची प्रवेश परीक्षा, सीईटी, द्यावी आणि कॅटचा नाद सोडावा? २६०० रुपये फी आहे, वाया घालवायची नाही.

अजून एक. आम्ही मराठा. बाबा म्हणतात ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा, दाखला काढू. शेती बाबांच्या नावावर साडेचार एकर आणि आईच्या नावावर पाऊण एकर. उत्पन्न आठ लाखांच्या आसपाससुद्धा नाही, केळीचा भाव तुम्हाला माहीतच आहे. दाखला मिळेल ना?

आणि आधार कार्डावर वडिलांच्या नावात इंग्रजी स्पेलिंगला एक 'एच' जास्त पडलाय, मार्कशीटवर नाही. त्याने काही अडेल का?

ऑनलाइनवाले_आबा
१७ ऑगस्ट

ताई, मी एमबीए केलेलं नाही, मी फक्त फॉर्म भरतो. अमळनेरला स्टँडजवळ दुकान आहे, पीक विम्यापासून नीटपर्यंत सगळं आमच्याकडे होतं. त्यामुळे कुठलं कॉलेज चांगलं ते मला विचारू नका, पण फॉर्म कुठे अडकतो ते मला पक्कं ठाऊक आहे.

आधी स्लॉटचं सांगतो. निवडता येत नाही. ती काही एसटीची खिडकीजवळची सीट नाही की आधी रिझर्व्ह केली. कॅट एकाच दिवशी तीन सत्रांत होते: सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी साडेचार. पेपर दोन तासांचा. तुमचं सत्र कोणतं ते नोव्हेंबरमध्ये हॉल तिकीट निघेल तेव्हाच कळणार. पेपर सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी गेट बंद होतं, त्यानंतर कोणाचा काका आमदार असला तरी आत घेत नाहीत.

फॉर्ममध्ये तुमच्या हातात असतं ते शहर. पाच शहरं पसंतीक्रमाने टाकायची. ती यादी उघडा, जळगाव दिसलं तर पहिलं तेच, मग धुळे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक अशी जवळची. पाचवं शहर उगाच पुणे-मुंबई टाकू नका, नेमकं तेच आलं म्हणजे लग्न आणि पेपर दोन्हीचं वाटोळं. पोरं हौसेने मुंबई टाकतात, मग आदल्या रात्री भुसावळहून उभ्याने जातात.

आता तुमचं गणित करू. सकाळचं सत्र आलं तर साडेदहाला बाहेर. जळगावातून निघायला अकरा, चोपड्याला साडेबारा. मुहूर्त बाराचा असला तरी आपल्याकडे नवरदेव पारावरून किती वाजता निघतो ते मी सांगायला नको, बँडवाले अजून वेशीतच असतील. म्हणजे मंगलाष्टकं सापडतील. संध्याकाळचं आलं तर अजून सोपं: अक्षता टाकायच्या, पंगतीला न बसता निघायचं, साडेतीनपर्यंत सेंटरवर. मधलं आलं तर मात्र लग्न गेलंच समजा. तेव्हा केंद्र जवळ मिळालं, तर तीनपैकी दोन सत्रांत जमतं. २६०० रुपयांसाठी हा डाव वाईट नाही. शिवाय कॅटचा स्कोअर फक्त आयआयएमलाच लागतो असं नाही, बरीच कॉलेजं घेतात, आणि तो पुढचं अख्खं वर्ष, ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत चालतो.

मुदत १३ सप्टेंबर, संध्याकाळी पाच. पाच म्हणजे पाच. आमच्याकडे दरवर्षी शेवटच्या दिवशी चार वाजता गर्दी होते. एक पोरगा येतो, फोटो म्हणून व्हॉट्सअपवरचा, मामाच्या लग्नातला, डोक्याला फेटा. सही चौकटीच्या वहीवर केलेली, स्कॅन केली की चौकटीच जास्त ठळक. ओटीपी जातो बापाच्या मोबाईलवर, बाप शेतात, शेतात रेंज नाही. पोरगा इकडे स्क्रीनकडे बघतो, मी घड्याळाकडे. त्यात साइट मंदावते, पैसे कटतात आणि पावती निघत नाही. म्हणून सांगतो, पोळ्याच्या आत भरून टाका. स्वतःचा नंबर, स्वतःचा ईमेल. कॅफेवाल्याचा ईमेल टाकू देऊ नका, माझासुद्धा नाही. कॉल लेटर, मुलाखतीचं पत्र सगळं त्याच ईमेलवर येतं आणि कॅफेवाला सहा महिन्यांनी पासवर्ड विसरलेला असतो.

फोटो स्टुडिओत जाऊन काढा, पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला. स्टुडिओवाल्याला सांगा जेपीजी ८० केबीच्या आत करून दे, त्यांना सवय असते. आणि तोच फोटो जास्तीचा छापून घ्या, हॉल तिकिटावर तोच चिकटवायचा असतो. सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने.

'एच'चं. मार्कशीटवर जे नाव आहे तेच फॉर्मवर टाका. परीक्षेला ओळखपत्र मूळ लागतं आणि नाव जुळावं लागतं. तुमचं पॅन कार्ड मार्कशीटप्रमाणे आहे का बघा, पगार घेता म्हणजे पॅन असणारच. जुळत असेल तर परीक्षेला पॅन न्या. आधार दुरुस्तीलाही आताच टाका, कारण पुढे प्रवेशाच्या वेळी पुन्हा हाच 'एच' उभा राहील.

आता ईडब्ल्यूएस. इथे बाबांना नीट समजावून सांगा. केंद्राच्या नियमात उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि कुटुंबाची शेती पाच एकरांच्या आत हवी. पाच एकर किंवा जास्त असली की उत्पन्न शून्य असलं तरी बाद. आणि कुटुंब म्हणजे तुम्ही, आई, बाबा आणि अठराखालची भावंडं. सातबारे वेगळे असले तरी बेरीज एकत्र होते. साडेचार आणि पाऊण म्हणजे सव्वापाच. पाव एकराने गेलं, काय करणार. तलाठ्याकडे खेटे घालू नका, कॅटला जनरलमधून भरा. फीचं म्हणाल तर नुकसान नाही, कारण ईडब्ल्यूएस आणि ओबीसीलाही कॅटची फी पूर्णच असते, फक्त एससी, एसटी आणि दिव्यांगांना निम्मी म्हणजे १३०० आहे. खोटी कॅटेगरी टाकून मग बघू, असंही करू नका. रजिस्ट्रेशन झालं की कॅटेगरी बदलत नाही. शेवटी दुरुस्तीला जी थोडी मुदत देतात तीत फोटो, सही आणि शहर एवढंच हलतं.

राज्याच्या सीईटीला मात्र तुमचं वेगळं आहे. तिथे एसईबीसी, म्हणजे मराठ्यांना सामाजिक-शैक्षणिक मागास म्हणून दिलेला प्रवर्ग, आहे, आणि त्याला जमिनीची अट नाही, नॉन क्रीमी लेयर लागतं. जातीचा दाखला प्रांत ऑफिसमधून, मग नॉन क्रीमी लेयर, मग जात पडताळणी. पडताळणीला वेळ लागतो, फाईल आताच टाका. फेब्रुवारीत आठवण झाली तर जुलैमध्ये रडाल. कॅटच्या फॉर्ममध्ये एसईबीसी असा रकानाच नाही, तिथे तो शोधत बसू नका.

घरच्यांचं म्हणाल तर काकूंना आजच सांगा. नोव्हेंबरमध्ये सांगितलं तर काकू रुसणार, आत्ता सांगितलं तर फार तर दोन दिवस बोलणार नाहीत. बठ्ठं व्हई जाई.

चोपड्याची_करवली
१८ ऑगस्ट

आबा, खूप धन्यवाद. पाव एकराचं ऐकून बाबा गप्पच झाले. म्हणे आईच्या नावावर ती पाऊण एकर मामाने दिलेली आहे, ती पण धरतात का? मी म्हटलं धरतात.

पॅन बघितलं, मार्कशीटप्रमाणे बरोबर आहे. आता दुसऱ्या परीक्षांबद्दल कोणी सांगेल का?

धुळे_ते_पुणे
१८ ऑगस्ट

हाय. मी धुळ्याची, आता पुण्यात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा प्रवेश सीईटीतून झालाय, त्यामुळे मी थोडी सीईटीच्या बाजूने बोलणार हे आधीच सांगते. आबांचं फॉर्मबद्दलचं सगळं शंभर टक्के बरोबर, पण "डाव वाईट नाही" हे मला तितकंसं पटलं नाही.

कॅटमध्ये तीन भाग असतात: इंग्रजी वाचन, मग डेटा आणि लॉजिक, मग गणित. प्रत्येकाला चाळीस मिनिटं, क्रम ठरलेला. गणित लवकर संपलं म्हणून इंग्रजीकडे परत जाता येत नाही. पर्याय दिलेल्या प्रश्नांत चूक उत्तराला एक मार्क कापतात. तू म्हणतेस रात्री जेवण झाल्यावर अभ्यास, नोकरी चालू, क्लास नाही. वर आदल्या रात्री हळद. हळदीच्या रात्री आपल्याकडे कोण झोपतं? डीजे बंद होतो तेव्हा कोंबडा आरवतो. त्यानंतर साडेआठच्या पेपरला बसून इंग्रजीचे लांब उतारे वाचायचे! जमलं तर जमलं, पण सगळा भरवसा त्यावर ठेवू नकोस.

तारीख स्वतः निवडायची असेल तर एनमॅट आहे. यंदा ५ नोव्हेंबर ते १९ डिसेंबर अशी खिडकी आहे, त्यात आपल्याला हवा तो दिवस आणि वेळ घ्यायची. कोणता भाग आधी सोडवायचा तोही क्रम आपणच ठरवतो, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. पहिला प्रयत्न मनासारखा गेला नाही तर पैसे भरून अजून दोनदा देता येते, मध्ये पंधरा दिवसांचं अंतर लागतं. म्हणून पहिली तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात घे. दिवाळी तोवर संपलेली असते, लग्नाची घाई अजून चढलेली नसते. आणि पुन्हा द्यायची वेळ आली तर डिसेंबर मोकळा राहतो. जवळच्या केंद्रावरचे शनिवार-रविवार आधी भरतात, आणि रजिस्ट्रेशन ऑक्टोबरमध्येच बंद होतं, त्यामुळे हे दिवाळीनंतर बघू असं करू नकोस. एनमॅटवर घेणाऱ्या कॉलेजांच्या फीचे आकडे मात्र बाबांना बसवूनच दाखव.

स्नॅप म्हणजे सिम्बायोसिसची. ती ६, १४ आणि २० डिसेंबरला आहे. एक, दोन किंवा तिन्ही दिवस देता येतात, सर्वात चांगला स्कोअर धरतात, पण प्रत्येक वेळची फी वेगळी, २२५० रुपये. शिवाय कोर्सला अर्ज करायचे पैसे वेगळे. साठ मिनिटांत साठ प्रश्न, नुसती पळापळ. लग्नानंतर आठवड्याने पहिली आहे, तुझ्या दृष्टीने सोयीची. मी दिली होती, मला झेपली नाही. गणितं येत होती, पण मिनिटाला एक हा वेग माझा नव्हता.

आता सीईटी. दोनशे प्रश्न, अडीच तास. म्हणजे प्रश्नाला पंचेचाळीस सेकंद. निगेटिव्ह नाही, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत उरलेले सगळे गोळे भरून टाकायचे असतात, हे कोणी सांगत नाही. मी सांगते. पंचाहत्तर प्रश्न नुसते लॉजिकचे, पंचवीस आकृत्यांचे, पन्नास गणित, पन्नास इंग्रजी. आकृत्यांचे प्रश्न आपल्या पोरांना जमतात, इंग्रजी आडवं येत नाही तिथे. बी. कॉम.वाल्यांनी गणिताला घाबरायचं कारण नाही, टक्केवारी, नफा-तोटा, व्याज, गुणोत्तर असलंच जास्त असतं, आणि तू तर रोज जीएसटी काढतेस. पेपर अनेक सत्रांत होतो, सत्रं सोपी-अवघड असतात म्हणून मार्क नॉर्मलाइझ करून पर्सेंटाइल लावतात. तेव्हा बाहेर पडल्यावर मैत्रिणीच्या सत्राशी आपले मार्क जुळवत बसण्यात अर्थ नाही.

तारखेचं मात्र सीईटी सेलच्या वेबसाइटवर लक्ष ठेव. २०२३ ला मार्चच्या शेवटी झाली, २०२४ ला ९ ते ११ मार्च, यंदा १ ते ३ एप्रिल. दरवर्षी सरकते. माझा पेपर २०२४ चा, केंद्र धुळ्यालाच आलं होतं, घरून डबा खाऊन गेले. हे सुख कॅटमध्ये मिळेलच असं नाही. मुंबईचं जमनालाल बजाज, सिडनहॅम ही सगळी सीईटीवाल्यांची स्वप्नं, पण राज्यभरातली कितीतरी कॉलेजं एकाच कॅप राउंडमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेरीत, येतात. जळगावला आपल्या विद्यापीठातही मॅनेजमेंटचा विभाग आहे, ते पण पर्यायात ठेव.

माझं मत: कॅट भर, पण सराव म्हणून. जीव सीईटीत ओत. एसईबीसीचे कागद आबा म्हणतात तसे आत्ताच. माझ्या वर्गातल्या एकीचं जात पडताळणीचं व्हॅलिडिटी सर्टिफिकेट वेळेत आलं नाही, तिची सीट ओपनमध्ये गेली आणि फी पूर्ण भरावी लागली. अजून ती त्या ऑफिसचं नाव काढलं की चिडते.

नवापूर_लोकल
१९ ऑगस्ट

मी नवापूरचा, नंदुरबार जिल्हा. गेल्या वर्षी कॅट दिली होती, २४ नोव्हेंबरला. शहरांच्या पसंतीबद्दल थोडं बोलतो, कारण सगळे फक्त महाराष्ट्रातलीच शहरं टाकतात.

फॉर्ममध्ये राज्य बदलून दुसऱ्या राज्यातलं शहरही घेता येतं. मी पहिलं सुरत टाकलं होतं, तेच मिळालं. आमचं स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, एका बाकड्यावर बसून दोन राज्यांत पाय ठेवता येतात. त्यामुळे सुरत आम्हाला नाशिकपेक्षा जवळ, तापी लाईनची गाडी पकडली की झालं. आदल्या दिवशी मावशीकडे गेलो, सकाळी रिक्षाने सेंटर. शिरपूर-सेंधव्याकडच्यांनी इंदूरचा विचार करावा, आग्रा रोडने सरळ रस्ता आहे. रावेरच्या पोरांनी बऱ्हाणपूर यादीत आहे का ते बघावं. चोपड्यावाल्या ताईंना याचा उपयोग नाही, पण बाकीचे वाचत असतील म्हणून लिहिलं.

मी एसटीतून भरला होता. आमच्यातल्या पोरांना सांगतो, कॅटला फी निम्मी आणि पदवीला ४५ टक्के चालतात, बाकीच्यांना ५० लागतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल तरी भरता येतो. जातीचा दाखला जुना असला तरी चालतो, ईडब्ल्यूएससारखा दरवर्षी नवा काढावा लागत नाही. सीईटीच्या कॅपला मात्र व्हॅलिडिटी लागतेच. आश्रमशाळेत शिकलेल्या पोरांचे कागद गावात एका ट्रंकेत, शाळेत दुसऱ्या, असे पसरलेले असतात. आधी ते गोळा करा, मग अभ्यासाला बसा.

सेंटरवर आत फक्त हॉल तिकीट आणि ओळखपत्र. घड्याळ नाही, पाकीट नाही. पेन आणि रफ पेपर तेच देतात. माझ्या हातातलं कडं निघेना, गेटवर साबण लावून काढलं. करवली ताई, हातातल्या हिरव्या बांगड्यांचं आधीच बघा. मेंदी काढलीत तर तिथे अंगठ्याचा ठसा आणि फोटो घेतात, तेव्हा बोटांच्या टोकांना लावू नका.

ऑनलाइनवाले_आबा
१९ ऑगस्ट

नवापूरवाले भाऊ, मेंदीचं लाख मोलाचं बोललात. हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. पीक विम्याचा अंगठा लागत नाही म्हणून रोज बायाबापड्या परत जातात, तिथे मेंदी म्हणजे अजूनच.

धुळेवाल्या ताईंना एवढंच म्हणतो, सराव म्हणून २६०० रुपये तुम्हा पुणेकरांना परवडतात, आमच्याकडे गिऱ्हाईक बाहेरून झेरॉक्स दोन रुपये स्वस्त पडते म्हणून उठून जातं. पण तुमचं सीईटीचं म्हणणं मान्य. जीव तिकडेच ओतावा.

धुळे_ते_पुणे
१९ ऑगस्ट

आबा, पुणेकर नका म्हणू हो, मी अजून भरीत मागवते ते धुळ्याहूनच 😄 आणि २६०० चं तुमचं बरोबर आहे. करवली, तुला एकच पर्याय परवडत असेल तर सीईटी. दोन परवडत असतील तर सीईटी आणि कॅट. एनमॅट, स्नॅप तिथली फी खरंच भरणार असशील तरच. नुसतं तारीख जमते म्हणून परीक्षा देऊ नको, मग कॉलेज आलं की फी बघून नाही म्हणावं लागतं आणि उगाच मन खट्टू होतं.

चोपड्याची_करवली
२१ ऑगस्ट

सगळ्यांचे आभार. काल रात्री कॅटचा फॉर्म भरला. जनरलमधून. यादीत जवळची शहरं वर टाकली, पुणे-मुंबई नाही. फोटोला दोनदा जावं लागलं, पहिल्या वेळी स्टुडिओवाल्याने निळा पडदा लावला होता.

एनमॅट आणि स्नॅप सोडून दिलं. बाबांना फी दाखवली, ते म्हणाले दोन एकर केळी विकावी लागेल, आणि मी म्हटलं मग राहू द्या. सीईटी नक्की. एसईबीसीच्या दाखल्याला बाबा सोमवारी प्रांत ऑफिसला जाणार आहेत, सोबत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधतायत, तो सापडला की पडताळणीचं टाकू.

काकूंना सांगितलं. रुसल्या नाहीत, उलट विचारलं की पेपर किती वाजता आहे. मी म्हटलं माहीत नाही, नोव्हेंबरमध्ये कळेल. तर म्हणाल्या, "म्हणजे नवरीच्या सासरच्यांसारखंच, ऐनवेळी सांगणार." बहीण मात्र हसतेय, म्हणते हळदीला अकरा वाजताच तुला झोपायला पाठवते. डीजेवाला तिच्या मित्राचा भाऊ आहे, बघू.

एक राहिलं आबा, पावती निघाली पण ईमेलवर काही आलं नाही. चालतं का?

ऑनलाइनवाले_आबा
२१ ऑगस्ट

स्पॅममध्ये बघा ताई. तिथेही नसेल तर लॉगिन करून बघा, अर्जाची स्थिती पूर्ण दिसत असेल तर काळजी नाही. पीडीएफ डाउनलोड करून ठेवा, एक प्रिंट काढा आणि युजर आयडी-पासवर्ड त्याच प्रिंटच्या मागे पेनने लिहा. ती फाईल लग्नाच्या बस्त्याच्या पिशव्यांमध्ये ठेवू नका, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. नोव्हेंबर लागला की रोज एकदा लॉगिन करून हॉल तिकीट आलंय का बघायचं, कोणी फोन करून सांगत नाही. सत्र कोणतं आलं ते इथे लिहा.